अंगठ्याएवढ्या जाडीची काठी

'रूल ऑफ थंब' म्हणजे ठोकताळा, अनुभवावरून बांधलेला आडाखा. हा इंग्रजी शब्दप्रयोग वापरला की कोणीतरी हमखास अडवते आणि सांगते, की जुन्या इंग्रजी कायद्यानुसार नवऱ्याला स्वतःच्या अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची मुभा होती आणि त्यावरूनच हे शब्द आले. मीही ही माहिती कित्येक वर्षे मोठ्या ऐटीत सांगत असे. ती खोटी आहे.

असा कायदा इंग्लंडमध्ये कधीच नव्हता. १७८२ साली न्यायाधीश फ्रान्सिस बुलर यांनी असे मत दिल्याची वदंता उठली आणि जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने काठ्यांचे भारे घेतलेला 'जज थंब' रेखाटून त्यांची यथेच्छ टर उडवली. बुलर खरोखर तसे म्हणाल्याची नोंद कुठल्याही निकालात सापडलेली नाही. टोपणनाव मात्र कायमचे चिकटले. शिवाय काळही जुळत नाही, कारण सर विल्यम होप यांनी तलवारबाजीवरील आपल्या पुस्तकात, शास्त्र न शिकता केवळ अंदाजाने लढणाऱ्याबद्दल हेच शब्द १६९२ मध्ये, म्हणजे त्या चित्राच्या ९० वर्षे आधी, वापरले होते. या शब्दांचा उगम मोजमापात असावा, असे मला वाटते. अंगठ्याची रुंदी साधारण एक इंच भरते आणि फ्रेंचमध्ये तर अंगठा व इंच या दोहोंसाठी 'पूस' हा एकच शब्द आहे. अंगुळे आणि विती मोजणाऱ्या भाषेतल्या माणसाला यात नवल वाटू नये.

मारहाणीशी या शब्दांची सांगड घातली गेली ती अगदी अलीकडे, १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत. १९८२ मध्ये तिथल्या नागरी हक्क आयोगाने कौटुंबिक हिंसाचारावरील अहवालाच्या शीर्षकातच ते वापरले आणि दंतकथेला सरकारी शिक्का मिळाला.

खोट्या व्युत्पत्तीचा मला राग येतो तो एवढ्यासाठी, की तिच्यामुळे खरा इतिहास झाकला जातो. १८६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एका खालच्या न्यायालयाने, अंगठ्यापेक्षा बारीक छडीने पत्नीला मारण्याचा पतीला अधिकार आहे, असे मानून आरोपीला सोडले. वरच्या न्यायालयाने अंगठ्याचा निकष साफ नाकारला, कारण छडीची जाडी नव्हे, झालेली इजा पाहायला हवी, असे त्याचे म्हणणे होते. आणि तरीही क्षुल्लक प्रकरणांत आम्ही घराच्या कारभारात हात घालणार नाही, असे सांगत आरोपीची सुटका कायम ठेवली. त्या निकालात 'रूल ऑफ थंब' हे शब्द कुठेही नाहीत. आता कोणी मला अडवले, तर मी व्युत्पत्तीचा वाद घालत बसत नाही. तीन फटके खाल्लेल्या त्या बाईचा खटला 'क्षुल्लक' कसा ठरला, तेवढेच सांगतो.