कुरकुर

गाड्या नसलेल्या रस्त्यावर सायकल चालवायची हौस मला फार वर्षांची. शेवटी तशी वाट सापडली. तोंडाशी आडवा दांडा, त्यामुळे गाड्यांना बंदी. पुढे घट्ट बसलेली खडी, दोन्हीकडे जंगल आणि शांतता अशी की पान गळालं तर कुठल्या झाडाचं ते सांगता यावं. तिथे पोचलो, खोल श्वास घेतला, चार पेडल मारली आणि माझ्या सायकलीतून आवाज आला.

कुर्र.

रहदारीत हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. तो तिथेही येत असणार, पण हॉर्नच्या गदारोळात सायकलची कुरकुर कोण ऐकून घेतो? तिथे स्वतःचे विचारसुद्धा ऐकू येत नाहीत, आणि माझे विचार पाहता ते बरंच आहे. शिवाय रहदारीत काहीही बिघडलं की दोष द्यायला चारी बाजूंना माणसं असतात. जंगलात मी होतो, मित्र होता आणि मित्राची सायकल मुकाट चालत होती.

"तुला काही ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"पक्षी असेल."

"फक्त चढावर ओरडणारा?"

"असतात तसे," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

माझी सायकल म्हणजे खडीच्या वाटांसाठीची ग्रॅव्हल बाईक, दिसायला रेसिंग सायकलची सख्खी बहीण. तेच खाली वळलेलं हँडल, तोच नखरा, फक्त पायात जाड वहाणा. माझे टायर ४० मिलिमीटर रुंद आहेत आणि त्यांत रेसिंगच्या टायरच्या जवळपास निम्मीच हवा भरायची असते, म्हणजे रबर खडीवर आपटत नाही, खडीला कुरवाळत जातं. आराम पुष्कळ. पण टायर असे गुपचूप चालले की बाकीच्या अवयवांना कंठ फुटतो. १८६० च्या दशकात सायकलीच्या लाकडी चाकांना लोखंडी पट्ट्या असायच्या आणि इंग्रजांनी तिला 'बोनशेकर', म्हणजे हाडं खिळखिळी करणारी, असं नाव ठेवलं होतं. तिच्यावर बसलेल्या कुणालाही बारीक कुरकुरीचा त्रास झाला नसणार. मग डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर तयार केले, १८८८ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं आणि माझी झोप उडवायची सोय करून ठेवली.

झोप खरंच उडाली. रात्री उठून मी कुरकुरीचं शास्त्र वाचलं. घट्ट आवळलेले पण कोरडे पडलेले दोन भाग ताणाखाली एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, पुन्हा सुटतात, त्याचा हा आवाज. व्हायोलिनच्या तारेवर गजही हेच करतो, फक्त त्याला टाळ्या मिळतात. गंमत म्हणजे सायकलची फ्रेम पोकळ नळ्यांची असल्याने आवाज उठतो एकीकडे आणि ऐकू येतो भलतीकडे. चाळीत भांडण कुठल्या खोलीत चाललंय ते जिन्यात उभं राहून कळत नाही, तसंच.

तरी तपासाची पद्धत ठरलेली आहे. पेडल थांबवून नुसतं घरंगळत जा. आवाज बंद झाला तर दोष पेडल, चेन, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा, या मंडळींत. उभं राहून चालवल्यावर बंद झाला तर सीट किंवा सीटची नळी. चाकाचा दोष असेल तर चाकाच्या दर फेरीला, म्हणजे माझ्या टायरच्या हिशेबाने साधारण सव्वादोन मीटरला एकदा. चेनची एखादी कडी ताठ झाली असेल, तर पुढच्या चक्राला ४० दाते आणि चेनमध्ये ११२ कड्या, म्हणजे पेडलच्या २.८ फेऱ्यांमागे एकदा. पुढच्या रविवारी मी त्या रम्य जंगलात २.८ फेऱ्या मोजत होतो. मित्राने हरीण दाखवलं. मी म्हटलं, थांब, एक पूर्णांक आठवर आहे.

मग सायकल मेकॅनिककडे नेली. त्याने दारात दोन चकरा मारल्या. एकही आवाज नाही. घरी गोंधळ घालणारं पोर पाहुण्यांसमोर गुणी होतं, तशी सायकल उभी. मी तोंडाने "कुर्र" करून दाखवलं. त्याने मला आणखी एकदा करायला सांगितलं. ते निदानासाठी नव्हतं, हे त्याने मदतनिसाला हाक मारली तेव्हा लक्षात आलं.

शेवटी घरीच दवाखाना मांडला. सीटची नळी काढली, पुसली, ग्रीस लावून बसवली. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू आवळले. हँडलचे बोल्ट किती आवळायचे ते त्यांच्याजवळच लिहिलेलं होतं, ५ न्यूटन-मीटर, म्हणून ते मोजणारा पाना आणला. मग पेडलकडे वळलो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे वाचलेलं होतं आणि नेमकं त्या वेळी आठवलं नाही. अर्धा तास मी घाम गाळून ते उघडत होतो, म्हणजे खरं तर सर्व शक्तीनिशी घट्ट करत होतो. बायको दारात येऊन म्हणाली, "सायकल चालवायला शांततेसाठी जातोस ना?" मी काही बोललो नाही. हात ग्रीसने भरलेले असताना माणसाची बाजू पडतीच असते.

पुढचा रविवार, तोच चढ. कुर्र.

मित्राने सायकल थांबवली. "उतर," तो म्हणाला. "तू माझी घे, मी तुझी घेतो. आवाज तरी ऐकू दे एकदा."

आम्ही अदलाबदल केली. तो माझ्या सायकलवरून चढ चढून गेला आणि जंगल जसं शांत होतं तसंच राहिलं. मी त्याच्या सायकलवर बसलो. नवी चेन, नवं सगळं, गेल्याच महिन्यात घेतलेली. पहिल्याच जोराला खालून आवाज आला.

कुर्र.

मित्र वर उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, आपल्या सायकलीला संसर्ग झाला अशी. मग ती भीती हळूहळू हास्यात बदलली. "अरे," तो म्हणाला, "आवाज तुझ्यात आहे."

मी गुडघे तपासले. खरंच तपासले, वाकवून, कान लावून, रस्त्याच्या मधोमध. गाड्या नसल्याचा हा एक फायदा. गुडघे निर्दोष निघाले, तेव्हा बूट काढले. सायकलच्या बुटाच्या तळाला क्लीट नावाचा एक धातूचा तुकडा असतो. तो पेडलमध्ये खट्कन अडकतो, आणि बुटाला तो दोन स्क्रूंनी धरलेला असतो. उजव्या बुटाचा एक स्क्रू पाऊण फेरी सैल होता आणि क्लीटखाली चिमूटभर वाळू होती. दोन महिने, तीन डबे ग्रीस, मोजणारा पाना, आणि आरोपी माझ्याच पायाखाली लपलेला. वाळू फुंकली, स्क्रू आवळला. काम एका मिनिटाचं.

आपापल्या सायकली घेऊन आम्ही निघालो. चढ आला. मी मुद्दाम जोर लावला. काही नाही. फक्त खडीची सळसळ आणि माझा श्वास. अशी शांतता मला त्या जंगलात पहिल्यांदाच भेटत होती.

आणि मग मागून, मित्राच्या सायकलीतून, बारीक पण स्पष्ट, साधारण सव्वादोन मीटरला एकदा: टिक्. टिक्. टिक्.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला काही ऐकू येतंय का?"

"पक्षी असेल," मी म्हटलं आणि पुढे निघून गेलो.