डायलच्या जुन्या फोनमध्ये खोबरेल सोडू नका

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सल्ला फिरतोय: जुन्या फोनची डायल अडकली की आत खोबरेल सोडा. कृपया असं करू नका. आपल्याकडच्या थंडीत खोबरेल गोठतं, उन्हाळ्यात धूळ धरून चिकटतं. त्याहून मोठं नुकसान गव्हर्नरचं, म्हणजे डायलचा वेग आवरणाऱ्या भागाचं. डायल परत फिरताना त्याची बारीक वजनं बाहेर फाकतात, पितळी वाटीला घासतात आणि वेग आवरतात. वाटीत तेल गेलं की डायल सुसाट सुटते, नंबर चुकतो. शून्य फिरवून सोडा: दहा ठोके साधारण 1 सेकंदात पडायला हवेत. आधी जुना मळ काढा, मग घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब फक्त आसांना द्या. वाटी कोरडीच हवी. आणि काँटॅक्टच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना पॉलिश पेपर अजिबात लावू नका, त्या झिजतात.