चोर्ल्याहून समुद्र दिसतो

मला समुद्र दिसला नाही. हे आता उघड सांगून टाकतो, कारण गेल्या रविवारी चोर्ल्याच्या कड्यावर, गल्लीतल्या अठरा माणसांसमोर, मी 'हो हो, दिसला' असं म्हणून आलोय आणि ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

बेळगावहून निघालो, जांबोटी गेलं, कणकुंबी गेलं, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या अलीकडे गाड्या लावल्या, दीड तास रानातनं चाललो. प्रत्येकाच्या पायाला सरासरी तीन जळवा. तंबाखू लावली की सुटतात म्हणून गल्लीतल्या एकाने पुडी काढली, आणि जळवांपेक्षा माणसांनीच ती संपवली. मग कडा आला.

कड्यावर ढग होता. कुंद्यासाठी कढईत दूध आटवायला ठेवावं आणि आपणच आत पडावं, तसं. पुढं पांढरं, खाली पांढरं, शेजारी बायको होती तीही आवाजावरनंच कळत होती. आणि त्या पांढऱ्यात एक काका आधीच उभे होते. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी, अंगात स्वेटर, एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात कागदात मिरचीभजी. ते आमच्यातले नव्हते. कुणातले होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"आलासा? या. समुद्र दिसायलाय."

"कुठं?"

"ते काय समोर. त्या झाडाच्या डाव्या अंगानं."

"काका, झाडच दिसंना."

"झाडाचं सोडा हो. तुम्ही झाड बघायला आलाय की समुद्र?"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "ते जरा निळसर आहे ते काय?" काका म्हणाले, "ते गोव्याचं आभाळ. त्याच्या खाली बघा." सगळे त्याच्या खाली बघायला लागले. शेजाऱ्यांच्या सहावीतल्या पोरानं "जहाज!" म्हणून आरोळी ठोकली. काकांनी त्याला बक्षीस म्हणून एक भजी दिली. त्यानंतर समुद्र दिसणाऱ्यांची संख्या झपाट्यानं वाढली. माझी बायको, जिला घरात समोरच्या डब्यातली साखर दिसत नाही, "अय्या, हो की!" म्हणाली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, जीभ वळवळते. मी म्हणालो, उंचीचे मीटर घ्यायचे, त्याचं वर्गमूळ काढायचं, साडेतीननं गुणायचं, की क्षितिज किती किलोमीटरवर ते निघतं. इथली उंची आठशेच्या आसपास. वर्गमूळ अठ्ठावीस. म्हणजे शंभरेक किलोमीटर. मला पुढं म्हणायचं होतं की हे सगळं हवा स्वच्छ असली तर. पण 'तर'पर्यंत कुणी पोचूच दिलं नाही.

"झालं की मग!" काका छत्री आपटत म्हणाले. "सरच सांगायलेत शंभर. समुद्र इथनं सरळ रेषेत चाळीसावर. साठ किलोमीटर शिल्लक राहिलं बघा आपल्याकडं!"

"अहो काका, पण ढग आहे."

"ढग आहे म्हणून तर गणित करायचं. स्वच्छ असतं तर गणित कशाला लागलं असतं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याच गणितानं मला उताणं पाडलं. भूगोलच काढायचा तर माझ्याकडं आणखीही होतं. याच खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगमते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. देगावजवळ म्हादई उगमते आणि पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातलं पाणी, दोन दिशांना तोंडं. त्या म्हादईच्या पाण्यासाठी राज्यं लवादापुढं वर्षानुवर्षं भांडली, २०१८ मध्ये निवाडा आला, तरी भांडण चालूच आहे. समुद्र कुठं आहे हे नदीला नक्की ठाऊक असतं, आणि ती कुणाला बोट करून दाखवत बसत नाही. हे बोलायला तोंड उघडलं, आणि काकांनी माझा चष्मा काढला.

होय. माझ्या नाकावरनं. न विचारता.

"चष्मा बघा की सर तुमचा, नुसती वाफ! दिसणार कसं?" असं म्हणून त्यांनी स्वेटरच्या खिशातनं रुमाल काढला. त्याच रुमालानं मघाशी भज्यांचं तेल टिपलेलं मी पाहिलं होतं. डावी काच पुसली, उजवी पुसली, हा करून पुन्हा पुसली, आणि चष्मा परत माझ्या नाकावर चढवला. जग पांढरं होतं ते आता पिवळं, तुपकट आणि मिरचीचा वास असलेलं झालं.

"आता?"

अठरा माणसं माझ्याकडं बघत होती. बिचाऱ्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. ते सहावीतलं पोर आईला म्हणालं, "सरांना नंबर लागलाय वाटतं." पलीकडच्या भीमगडच्या रानात, बारापेडेच्या गुहांत, १९१३ साली जगाला ओळख झालेलं एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं. अंधारात कानांवर उडतं, पण त्याचे डोळे पुसायला आजवर कुणी रुमाल घेऊन गेलेलं नाही. माणसाला तेवढीही मोकळीक नाही.

"दिसला," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

खरं तर आम्हा बेळगावकरांना याचं एवढं वाईट वाटायला नको. सवयच आहे. १९५६ साली राज्यं पाडताना आम्हाला महाराष्ट्राच्या पलीकडं ढकललं, तेव्हा माझ्या आजोबांना कुणीतरी सांगितलं, थोडं थांबा, दिसायलंय. मग सीमेसाठी आयोग आला, वडिलांना सांगितलं, दिसायलंय. २००४ मध्ये सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, मी नोकरीत रुळत होतो, मलाही सांगितलं, हे काय समोर, त्या झाडाच्या डाव्या अंगानं. मधल्या काळात गावाचं नाव बदललं. पाट्या बदलल्या. झाड अजून दिसलेलं नाही. आणि 'दिसत नाही' म्हणणाऱ्याचा चष्मा पुसायला मात्र दर निवडणुकीला कुणीतरी रुमाल घेऊन हजर असतंच. असो. मला तिथं जायचं नव्हतं, पण पाय घसरला.

उतरताना काका आमच्याबरोबर मोरीपर्यंत आले आणि तिथं कुठंतरी ढगात विरले. जाताना रुमाल माझ्या खिशात कोंबला. "असू दे सर, परत वाफ धरंल. अनगोळात राहतो मी, मारुतीच्या देवळाजवळ. सावकाश आणून द्या."

उजव्या काचेवर चरा पडलाय. दुकानदार म्हणतो काच बदलावी लागेल, चौदाशे रुपये. नंबर तोच आहे, हे मी त्याच्याकडनं मुद्दाम चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि घरी फ्रिजवर लावलं. बायको ती चिठ्ठी वाचत नाही. तिनं रुमाल दोनदा धुतला, इस्त्री केला, घडी घातली. वास गेलेला नाही. येत्या रविवारी अनगोळला जाऊन परत करायचा म्हणते, आणि काका घरी असले तर त्यांना जेवायला बोलवायचं, म्हणते, त्यांना आंबोलीहून काय काय दिसतं ते विचारायचंय.