बारा महिन्यांची बिनबोभाट उमेदवारी

अभिनंदन. वर्षभराच्या इंटर्नशिपचं ऑफर लेटर आलं. त्यात 'लर्निंग' हा शब्द चार वेळा आला असेल आणि 'प्रशिक्षणानंतर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक राहणार नाही' हे वाक्य एकदाच. एकदाच लिहिलेलं वाक्य खरं असतं, एवढं समजून सही करा. सोबत आधार, बोनाफाइड, कॉलेजचं एनओसी, दोन फोटो आणि रद्द केलेला चेक न्या. चेकवर 'कॅन्सल्ड' लिहिताना रेघ खाते क्रमांकावरून गेली, की पहिला स्टायपेंड महिनाभर पुढे गेला म्हणून समजा. चेक शाबूत असला तरी तो जाईलच, पण निदान दोष तुमचा नसेल.

आता आपण नेमके कोण आहोत, हे ठरवून घ्यायचा मोह होईल. तो आवरा. पुण्यातली हिंजवडी असो की खराडी, आयटीच्या काचेच्या इमारतीत इंटर्न हा सोयीप्रमाणे बदलणारा पदार्थ असतो. रजा मागितली की तुम्ही 'टीमचा महत्त्वाचा भाग', दिवाळीच्या भेटींची यादी निघाली की 'ती कॉलेजची पोरं'. शनिवारी रिलीज असेल तर कर्मचारी, मेडिक्लेमचा विषय निघाला तर विद्यार्थी. कायद्यानेही हा घोळ जपून ठेवलाय. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो, करारावरचा अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र प्रशिक्षणार्थीलाही कर्मचारीच मानतो. आणि ज्याच्या पत्रावर नुसतंच 'इंटर्न' छापलंय, तो बहुधा पहिल्या कायद्याच्या वहीत नसतोच. वहीत असता, तर किमान स्टायपेंड ठरलेला असता. म्हणून 'सर, माझी नोंद नॅट्सवर, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या सरकारी योजनेत, झालीय का?' असलं काही विचारू नका. विचारलंत तर 'फार प्रश्न विचारतो' असा बोभाटा होतो आणि फीडबॅकच्या फॉर्मात तो 'क्युरिअस' म्हणून उतरतो.

लॅपटॉप मिळेल तो मागच्या इंटर्नचा. ताब्यात घेताना असेट फॉर्मवर प्रत्येक ओरखडा, सैल बिजागरी, न चालणारं यूएसबी पोर्ट लिहून काढा. समोरचा कंटाळेल, कंटाळू द्या. जे लिहिलं नाही ते वर्षअखेरीला तुमच्या खात्यावर पडतं.

लॅपटॉप आला म्हणजे काम सुरू झालं, असं नव्हे. ॲक्सेस, म्हणजे कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरायची परवानगी लागते. तिच्या तिकिटाला, म्हणजे ऑनलाइन अर्जाला, तीन मंजुऱ्या लागतात: मॅनेजरची, ॲप्लिकेशन ओनरची, सिक्युरिटीची. मॅनेजर रजेवर असतो. ॲप्लिकेशन ओनर म्हणून सिस्टिममध्ये ज्यांचं नाव आहे त्यांनी कंपनी सोडून वर्ष झालेलं असतं. ठरलेल्या मुदतीत कोणी हललं नाही, की तिकीट आपोआप बंद होतं आणि तुम्हाला मेल येतो: 'आपली अडचण सोडवली आहे, कृपया आमच्या सेवेला तारे द्या.' पाच द्या. मंजुरीशिवाय करता येण्यासारखं सध्या तेवढंच आहे.

मधल्या तीन आठवड्यांत अनिवार्य ई-लर्निंग उरका. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही आणि टॅब बदलला की थांबतो. शेवटच्या प्रश्नमंजुषेत ऐंशी टक्के लागतात, पण जिथे 'वरील सर्व' हा पर्याय असेल तिथे तोच बरोबर. एवढं करून रिकामे बसलात, तर टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपवरचा तुमचा हिरवा ठिपका पाच मिनिटांत पिवळा होतो. माऊस हलवणारी यूएसबी यंत्रं बाजारात मिळतात, पण ती लावली की आयटीला दिसतात. आजोबांचं एचएमटी दिसत नाही. घड्याळ काचेची बाजू वर करून ठेवायचं आणि त्यावर ऑप्टिकल माऊस. सेकंदकाट्यावर कर्सर थरथरत राहतो आणि तुम्ही कार्यमग्न. डिजिटल घड्याळ चालत नाही, स्मार्टवॉच तर मुळीच नाही.

चौथ्या आठवड्यात तुम्हाला 'डेटा ॲनालिटिक्स' देतात. म्हणजे एक एक्सेल. आपण इतकी वर्षं मशीन लर्निंग कशासाठी शिकलो, असा विचार इथे मनात आणू नये. अकरा शाखा शुक्रवारी संध्याकाळी आकडे पाठवतात, ते जोडून सोमवारी दहाच्या आत साहेबांना द्यायचे. अकरा शाखांचे अकरा साचे. एकीने सेल मर्ज केलेले, एक पीडीएफ पाठवते, आणि एक शाखा छापील कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते, तोही तिरका. हे सगळं व्हीलूकअपने, म्हणजे एका तक्त्यातली नोंद दुसऱ्यात शोधणाऱ्या फॉर्म्युल्याने, जोडायला बसलात, की निम्म्या ओळींत एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही', उगवतं.

इथे घाबरून गुगल करत बसू नका, कारणं ठरलेली आहेत. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली की ००४१२ या कोडची पुढची शून्यं गळतात आणि उरतात ४१२. ती फाईल 'डेटा' टॅबमधून आणायची आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवायचा. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर बहुधा आकडा आकडा नाही, अक्षरं आहेत. कोडच्या शेवटी न दिसणारी स्पेस असेल तर ट्रिम या फॉर्म्युल्याने जाते. पण वेबवरून उचललेली स्पेस वेगळ्या जातीची असते, कॅरॅक्टर १६०. ती ट्रिमला दाद देत नाही, सबस्टिट्यूटनेच काढावी लागते. हे सगळं होऊन एन/ए गेलं तरी निर्धास्त होऊ नका. व्हीलूकअपची चौथी जागा लिहिलीच नसेल, तर एक्सेल 'साधारण जुळणारं' उत्तर देतं. चूक दाखवत नाही, नाशिकची विक्री गुपचूप नांदेडच्या नावावर टाकतं. एन/ए निदान प्रामाणिक असतं.

अशा तीन तासांच्या दोन-तीन सोमवारांनंतर तुम्हाला पॉवर क्वेरीचा, म्हणजे एक्सेलमधल्याच फाइली आपोआप जोडणाऱ्या सोयीचा, शोध लागेल. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, पायऱ्या एकदाच लिहायच्या, मग दर सोमवारी फक्त रिफ्रेश. पीडीएफ आणि तिरका फोटो धरून वीस मिनिटं. या आनंदाच्या भरात इंटर्न जी चूक करतात ती तुम्ही करू नका: कुणालाही सांगू नका. सांगितलंत तर वाचलेल्या वेळात बसतील असे आणखी चार रिपोर्ट शुक्रवारपर्यंत तुमच्या नावावर असतील. फोल्डर आपल्याच लॅपटॉपवर ठेवा, रिपोर्ट नऊ पन्नासला पाठवा, आणि पाठवताना चेहरा तीन तासांचा ठेवा.

तिकडे कॉलेज आहेच. ज्या सेमिस्टरला तुम्ही वर्गात नाही त्याचीही फी भरायची, ती कशाबद्दल हे विचारायचं नाही. दर आठवड्याची डायरी, महिन्याला गाईडची सही, दोन रिव्ह्यू, आणि शेवटी काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट, तीन प्रती. डायरी दर आठवड्याला भरायची असते म्हणजे सहीच्या आदल्या रात्री एकदम भरायची असते. फक्त एक पथ्य पाळा: दोन वेगळी पेनं वापरा, आणि पंधरा ऑगस्टला 'डेटाबेस डिझाइन केला' असं लिहू नका.

खरी कसरत रिपोर्टची. कंपनीच्या एनडीएत, म्हणजे गुप्ततेच्या करारात, लिहिलंय की स्क्रीनशॉट, कोड, क्लायंटचं नाव, काहीही बाहेर जाणार नाही. गाईड म्हणतात, स्क्रीनशॉटशिवाय रिपोर्ट घेणार नाही. दोघांच्याही सह्या तुम्हाला हव्यात. अशा वेळी तीन चौकोन काढा: युजर, सर्व्हर, डेटाबेस. मध्ये बाण. यात कंपनीचं कुठलंही गुपित फुटत नाही. स्क्रीनशॉट घरच्या लॅपटॉपवर खोटा डेटा भरून तयार करा आणि खाली 'प्रातिनिधिक' लिहा. कंपनीची ओळख तिच्या वेबसाइटवरून जशीच्या तशी उतरवलीत तर वाङ्मयचौर्याच्या तपासणीत तेवढंच प्रकरण लालेलाल होतं, तेव्हा ते स्वतः लिहा. शीर्षक भारदस्त हवं: 'बहुशाखीय विक्री-विदेचे स्वयंचलित संकलन व विश्लेषण प्रणाली'. होय, तोच सोमवारचा एक्सेल. बाहेरचे परीक्षक विचारतील, 'यात तुझं काय?' हा प्रश्न वर्षभरात तुम्हाला कंपनीत कोणी विचारलेला नसतो, त्यामुळे अडखळायला होतं. घरून तयारी करून जा.

पैशांचं थोडक्यात. समजा पंधरा हजार ठरले. काही कंपन्या स्टायपेंड व्यावसायिक फीच्या खात्यात टाकतात आणि दहा टक्के टीडीएस कापतात, म्हणजे महिन्याला दीड हजार, वर्षाचे अठरा हजार. पॅन दिला नसेल तर कपात वीस टक्के. बाकी काही उत्पन्न नसेल तर ही रक्कम रिटर्न भरून पूर्ण परत मिळते. बँक खातं आयकर पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं, नाही तर परतावा अडकतो. बहुतेक इंटर्न रिटर्न भरतच नाहीत. देशसेवा म्हणून सोडून द्यायचे असतील तर तुमची मर्जी, पण वाकडजवळच्या कॉट बेसिसवाल्या काकू देशसेवा चालवून घेत नाहीत.

आणि पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच मिळणारी नोकरीची ऑफर. जिच्यासाठी हे सगळं. बऱ्याच कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक ऑफर' असा नियम असतो. वर्षाची इंटर्नशिप घेतली की प्लेसमेंटच्या यादीतून नाव कटतं. मित्र ॲप्टिट्यूड टेस्ट देत असतात तेव्हा तुम्ही बिनघोर असता, कारण तुमचं 'जवळजवळ झालेलं' असतं. डिसेंबरात विचारलंत तर 'अप्रेझल होऊ दे'. मार्चमध्ये 'इयर एंडिंग आहे रे'. एप्रिलात 'नवं हेडकाउंट येतंय'. मे महिन्यात हायरिंग फ्रीझ, म्हणजे भरतीच बंद. मॅनेजरचा राग धरू नका, त्याला त्याच्या स्वतःच्या नोकरीचं नक्की माहीत नसतं. तो मनापासून म्हणतो, 'आणखी तीन महिने वाढवू या का?' ऑक्टोबरातच लेखी विचारणारी, कॉलेजकडून प्लेसमेंटची सवलत मागून घेणारी काही उद्धट मुलं असतात. त्यांना नोकऱ्या लागतात. त्यांचं अनुकरण करू नये.

शेवटच्या दिवशी आयकार्ड, दोरी, चार्जर, लॅपटॉप आणि बॅग परत करा. जो ॲक्सेस यायला तीन आठवडे लागले तो दुपारी अडीचला जातो, निरोपाचा मेल अर्धा लिहून झालेला असताना. सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा, बाहेर पडल्यावर ते दुरुस्त करणारं कोणी नसतं.

मग जुलैत एका सोमवारी, दहाला पाच कमी असताना, अनोळखी नंबरवरून मेसेज येईल. 'सर, मी नवीन इंटर्न. तुमचा नंबर मॅनेजरसरांनी दिला. ती विक्रीची फाईल रिफ्रेश होत नाहीये.' वर्षभरात तुम्हाला कोणी सर म्हटलेलं नसतं. सोबत त्याने स्क्रीनचा फोटो पाठवलेला असतो, तिरका. पिवळ्या पट्टीत लिहिलेलं असतं की अमुक फोल्डर सापडत नाही. तो फोल्डर तुमच्या जुन्या लॅपटॉपवर होता आणि लॅपटॉप केव्हाच फॉरमॅट झालाय. फोल्डरचा सगळा पत्ता मात्र त्या पट्टीत पूर्ण दिसतो: सी ड्राइव्ह, युजर्स, आणि पुढे तुमचं नाव.