कुंपणानेच रविवार खाल्ले

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला सगळे 'मेंदी' म्हणतात. ती मेंदी नाही, कोयनेल आहे, हे चव्वेचाळीस वर्षं मुलुंडात काढल्यावर मला यंदाच्या जूनमध्ये कळलं. आणि जसं कळलं तसं कुणालाही कळू नये.

पावसाच्या तोंडावर माळी आला आणि त्याने साठ फूट कुंपण एका सरळ रेषेत भादरलं. ठेका छाटायचा होता, उचलायचा नव्हता, हे त्याने पैसे खिशात घातल्यावर सांगितलं. मीटर रूमसमोर छातीएवढा ढीग. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा आपण सुटलो असं वाटलं होतं. ते आता आमच्या दारात नव्याने सुरू झालं. कमिटीच्या मीटिंगला मी गेलो नव्हतो. त्यामुळे ढिगाची विल्हेवाट लावायला माझं नाव एकमताने मंजूर झालं.

सकाळी गाडी आल्यावर मी एक भारा घेऊन धावलो.

"गीला है के सूखा?" गाडीवाल्याने विचारलं.

प्रश्न वाटला तेवढा सोपा नव्हता. मी पानं चाचपून पाहिली. "आज गीला है. परसों तक सूख जाएगा."

"तो परसों लाना."

परवा पाऊस सुरू झाला.

मग मी खताचं मनावर घेतलं. वाचन केलं. हिरव्या पाल्यात नत्र, वाळक्या काटक्यांत कर्ब, आणि कर्ब नत्राच्या पंचवीस-तीस पट हवं. जमलं तर ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि तणाचं बीसुद्धा मरतं. काटक्या मात्र बोटाच्या पेराएवढ्या कापायच्या. हे वाक्य पुस्तकात फार पटकन वाचून होतं. मी सिकेटर घेऊन पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसलो. कट, कट, कट. पहिल्या रविवारी पाऊण पोतं झालं, ते भोकं पाडलेल्या निळ्या पिंपात भरलं, आणि अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड आला. येणारे-जाणारे "काय, भाजी निवडताय?" म्हणून विचारत होते. एकाही माणसाला दुसरा विनोद सुचला नाही.

पण तिसऱ्या दिवशी त्या पिंपात हात घातला आणि कोपरापर्यंत ऊब लागली! ओल्या पाल्याचा, थोडा ताकासारखा आंबूस वास, आणि झाकण काढल्यावर चष्म्यावर वाफ. पहिलं मूल झालं तेव्हा मी इतका हळवा झालो नव्हतो (हे घरी सांगू नका). धावत वर गेलो, थर्मामीटर आणला आणि खुपसला. तापाचाच तो, बेचाळीसच्या पुढे काय दाखवणार? बायकोने घरात नवा थर्मामीटर आणला. जुना आता पिंपाचा.

तरीही ढीग चौथ्या हिश्शानेसुद्धा कमी झाला नव्हता. गुहागरच्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, आमच्याकडे शिरडसुद्धा फुकट जात नाही. चांगलं सरळ असेल ते वईला, बाकीचं भाजावळीला." शिरड म्हणजे काटक्या, वई म्हणजे कुंपण. आणि कोकणात भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी जमिनीवर पाला-काटक्या पसरून जाळतात ती भाजावळ, हे मला माहीत होतं. पण मुलुंडला बिल्डिंगच्या खाली भाजावळ केली तर तरवा उगवण्याआधी बंब येईल. शिवाय कुंपणात दोन कण्हेरी होत्या. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळं विषारी, धूरसुद्धा.

म्हणूनच, वॉचमनच्या ओळखीचे एक चाचा शेळ्या घेऊन यायला तयार झाले तेव्हा मी आदल्या रात्री टॉर्च लावून सगळा ढीग उपसला आणि कण्हेरीच्या काठ्या वेचून मीटर रूमच्या मागे वेगळ्या बांधून ठेवल्या. सकाळी चार शेळ्या आल्या. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून सेक्रेटरी सूचना देत होते: "डावीकडच्या बाजूने सुरू करू द्या!" उंटावरून शेळ्या हाकणं मी आजवर फक्त ऐकलं होतं. शेळ्यांनी हुंगलं, एकीने एक पान तोंडात घेतलं, विचार केला आणि थुंकलं. मग चौघी शेजारच्या गॅरेजकडे वळल्या आणि तिथलं पुठ्ठ्याचं खोकं आवडीने खाल्लं.

शेळीला जे एका पानात कळलं, ते कळायला आम्हा माणसांना आणखी आठ दिवस लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भाचीचा साखरपुडा होता. "एवढी ताजी मेंदी वाया कशाला घालवता?" म्हणत काकू दोन पिशव्या कोवळे शेंडे घेऊन गेल्या. मी जातीने भरून दिल्या, वर "आणखी लागली तर सांगा" म्हणालो. कात घातला, लिंबू पिळलं, मिक्सरमधून काढली, रात्रभर हातावर ठेवली. सकाळी हात धुतले तर आदल्या दिवशीचेच हात. रंगाचा ठिपकासुद्धा नाही, नुसता उग्र वास. आता मेंदी रंगली नाही तर सासूचं प्रेम मिळत नाही, हे सगळ्या जगाला माहीत. त्या सासूने मग साखरपुड्यात जेवणावरून जी कुरकुर केली, तिचं खापर सरळ माझ्या माथी आलं. कोयनेल खाडीकाठी आपली आपण वाढते, जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणून तर कुंपणाला लावतात, हे मी काकूंना समजावायला गेलो. काकूंनी दार लावून घेतलं.

पुढचे दोन महिने लिफ्टमध्ये काकू माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

दरम्यान पावसाने ढीग बसत गेला, उरलेला मी दर रविवारी कट कट करून पिंपात आणि कुंड्यांत ढकलला. बायकोने गॅलरीत दोडका लावला होता. त्याला आधार हवा म्हणून तिला मीटर रूमच्या मागे सरळसोट काठ्यांचा एक भारा सापडला. पानं झडलेलीच होती. श्रावणात दोडका पिवळा पडला आणि गेला. काठी मात्र जोमात. गाठीगाठीला कोंब, आणि प्रत्येक गाठीवर तीन-तीन लांब, निमुळती पानं. तेव्हा ओळख पटली.

उपटणार होतो. तेवढ्यात भाद्रपद उजाडला, आणि चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू.

"पत्रीत कण्हेर कमी पडतेय," त्या माझ्या खांद्यावरून गॅलरीकडे बघत म्हणाल्या. "एकवीस पूर्ण व्हायला हवीत. तुमच्याकडे आहे म्हणे."

एवढ्या साठ फुटांतून जी विषारी, तिलाच काय ती मागणी! मी सिकेटर आणलं, चांगली हातभर फांदी कापून दिली. काकूंनी तिच्यावरून निवडून पाच पानं खुडली, पिशवीत ठेवली आणि फांदी माझ्या हातात परत दिली.

"हे राहू दे तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही काहीतरी कराल याचं."