ठिपके गेले म्हणजे रोग गेला?

"मामा, माशावरचे ठिपके गेले! औषध नाही, काही नाही. मेसेजमध्ये लिहिलंय तस्संच झालं."

भाच्याचा हा निरोप परवा आला आणि त्याच्या पाठोपाठ तो मेसेजही. 'समुद्री माशांना क्वारंटाइन? नुसता भीतीचा बाजार!' असं त्याचं शीर्षक. म्हणजे नवा मासा मोठ्या टँकमध्ये सोडण्याआधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायची गरज नाही, असा दावा. खाली सहा मुद्दे आणि शेवटी 'जास्तीत जास्त मित्रांना पाठवा'. मला तो याआधीही तिघा-चौघांनी पाठवला होता आणि मी हसून पुसून टाकला होता. पण घरातल्याच पोराने त्यावर विसंबून नवा टँग मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडला, हे कळल्यावर हसू पळालं.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त मासे तोच मारणार आहे. मेसेज म्हणतो: 'पांढरे ठिपके प्रत्येक टँकमध्ये सुप्त असतातच. मासा सशक्त असेल तर चार दिवसांत आपोआप जातात.'

ठिपके जातात, हे खरंच आहे. पण जातात कुठे? हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. आपल्याला दिसणारा पांढरा कण म्हणजे माशाच्या त्वचेच्या आत शिरून तिथल्या पेशी खात बसलेला एक जीव. साधारण ३ ते ७ दिवस तो खातो आणि पोट भरलं की स्वतःहून मासा सोडतो. मग तळाशी, खडकावर, काचेवर कुठेतरी चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात त्याचं विभाजन होत राहतं आणि एका कवचातून शेकडो नवे जीव पोहत बाहेर पडतात. भाच्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. प्रत्यक्षात परजीवी जेवण आटोपून पोरंबाळं वाढवायला खाली उतरलाय.

कवच फुटायला किती दिवस लागतात? फ्लोरिडा विद्यापीठाचे मत्स्यवैद्य रॉय यानाँग यांनी या रोगावर एक माहितीपत्रक लिहिलंय, मोफत वाचता येतं. मेसेज लिहिणाऱ्याने ते एकदा जरी उघडलं असतं तर माझा हा खटाटोप वाचला असता. बहुतेक कवचं ३ ते २८ दिवसांत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यात 'बरा झाला' म्हणून ज्याचा आनंद साजरा केला, त्याची पुढची फौज दोन महिन्यांनीही येऊ शकते. शिवाय हे जीव कल्ल्यांत बसले तर बाहेरून ठिपका दिसतही नाही, मासा नुसता भराभर श्वास घेत राहतो.

आणि 'प्रत्येक टँकमध्ये असतातच' हे तर धादांत खोटं. कवचातून सुटलेल्या जीवाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर तो मरतो. माशाशिवाय त्याची पिढी पुढे सरकत नाही. तो टँकमध्ये आहे याचा अर्थ कोणीतरी तो आत आणलाय, बहुतेक वेळा नव्या माशासोबत. एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल: रोगातून वाचलेल्या माशाला काही महिने प्रतिकारशक्ती येते. पण ती त्या माशापुरती. पुढच्या महिन्यात शेजारी येणाऱ्या नव्या माशाला तिचा काय उपयोग?

दुसरा मुद्दा: 'विक्रेत्याकडे दोन दिवस राहिला, खातोय, म्हणजे क्वारंटाइन झालं.' क्वारंटाइन हा शब्दच मुळी चाळीस दिवसांवरून आलाय, बंदराबाहेर थांबवून ठेवलेल्या जहाजांच्या काळातला. दोन दिवस म्हणजे नुसता मुक्काम. त्यातही विक्रीच्या टाक्या अनेकदा एकाच फिल्टरला जोडलेल्या असतात. काचा वेगळ्या, पाणी एकच. वरच्या रांगेतला आजारी मासा खालच्या रांगेला प्रसाद वाटत असतो. कधी त्या पाण्यात औषध म्हणून थोडं तांबं असतं, कधी क्षारता मुद्दाम कमी ठेवलेली असते. त्याने परजीवी दबून राहतो, मासा चकचकीत दिसतो. आपल्या टँकमध्ये पूर्ण खारट, बिनतांब्याच्या पाण्यात आला की आठवड्यात खरं रूप बाहेर. म्हणून विकणाऱ्याला 'खातोय का' एवढंच विचारू नका. वेगळ्या पाण्यात ठेवला होता का, किती दिवस, कोणतं औषध दिलं, हे विचारा. आणि वेल्व्हेट नावाचा दुसरा परजीवी रोग तर ठिपके नीट दिसायच्या आत मासा संपवतो.

पहिला मुद्दा, 'क्वारंटाइनच्या ताणानेच मासे मरतात'. नाइलाजाने अर्धा मान्य. उघडी काच, लपायला जागा नाही, फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार नाहीत, अशा टाकीत मासा मरतोच. पण त्याला अमोनियाने मारलं, क्वारंटाइनने नाही. स्पंज फिल्टर काही आठवडे आधीपासून चालू टँकमध्ये ठेवा, पाइपाचे दोन-चार तुकडे टाका, पाणी तपासत राहा.

चौथा मुद्दा वाचून मात्र मी कपाळावर हात मारला: 'क्वारंटाइनची गरज नाही, फक्त पिशवी उघडून तीन-चार तास ड्रिप लावा, जितकं सावकाश तितकं चांगलं.' ड्रिप म्हणजे टँकचं पाणी माशाच्या पाण्यात थेंबथेंब सोडणं. लांबून आलेल्या पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यामुळे पीएच उतरलेला असतो. अमोनियाही साठतो, पण कमी पीएचमध्ये तो बहुतांशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. वर आपण टपटप टपटप ८.२ पीएचचं पाणी सोडतोय! प्रवासातून जिवंत उतरलेला मासा बादलीत, आपल्या डोळ्यांसमोर भाजत राहतो.

सावकाशपणा लागतो तो क्षारतेसाठी. समुद्री माशाचं रक्त समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश खारट असतं. तो सतत पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कमी क्षारतेतून एकदम जास्त क्षारतेत टाकला तर हे यंत्र कोलमडतं. यावर उपाय क्वारंटाइनचाच: पिशवीतल्या पाण्याची क्षारता आधी विचारून घ्यायची आणि टाकीतलं पाणी त्याच क्षारतेचं करून ठेवायचं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवायचं, उघडून लगेच रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणाने, खात्री करायची, मासा टाकीत घ्यायचा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं. मग काही दिवसांत क्षारता हळूहळू वाढवायची.

पाचवा मुद्दा, लसूण चारून रोग घालवायचा: मासा ती खातो, कवचातला परजीवी नाही. पुढे जा.

सहावा: 'रोग आलाच तर मुख्य टँकमध्येच तांबं घाला.' घाला, आणि कोरल, झिंगे, गोगलगायी सगळ्यांचा निरोप घ्या. खडक आणि वाळू तांबं शोषतात, त्यामुळे मात्रा टिकत नाही. मोकळं तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्याच अरुंद पट्ट्यात हवं. खाली गेलं तर परजीवी जगतो, वर गेलं तर मासा मरतो. आणि ते मारतं फक्त पाण्यात पोहणाऱ्या जीवांना. ठिपक्यातला आणि कवचातला सुरक्षितच. म्हणून उपचार रिकाम्या, वेगळ्या टाकीत आणि आठवडेच्या आठवडे चालतात.

हे सगळं भाच्याला फोनवर ऐकवलं. बराच वेळ तो गप्प होता.

"मग आता सगळे मासे बाहेर?"

"सगळे. आणि मोठा टँक ७६ दिवस माशांविना. कवच फुटायचे ते ७२ आणि वर थोडी भर."

"आजपासून मोजू?"

"शेवटचा मासा बाहेर निघेल त्या दिवसापासून."