सिस्टर म्हणा, हिशेब मिटवा

रुग्णालय चालवायला घेतलंय? अभिनंदन. यंत्रं येतील, डॉक्टर येतील, फरशीही चकचकीत होईल. पंचाईत होणार ती परिचारिकांची. त्या लागतात चोवीस तास, आणि वर त्यांना पगारही द्यावा लागतो. घाबरू नका. पहिल्या दिवसापासून एकच पथ्य पाळा: त्यांना ‘सिस्टर’ म्हणा. बहिणीने राबायचं असतं, हिशेब विचारायचा नसतो. मग वर्षातून एकदा, 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, तिला बहिणीवरून थेट ‘देवदूत’पदावर बढती द्या. या बढतीला वेतनवाढ लागत नाही. शिवाय देवदूतांना कामाचे तास नसतात, रजा नसते, आणि त्यांची कुठे युनियन असल्याचंही ऐकिवात नाही.

एवढी खबरदारी कशाला, असं वाटेल. कारण जिनिव्हात काही मंडळींनी घोळ घालून ठेवला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1977 साली खास परिचारिकांसाठी करार क्रमांक 149 केला आणि त्याला शिफारस क्रमांक 157 ची जोड दिली. करार म्हणतो, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, पगारी रजा, बाळंतपण, आजारपण, सामाजिक सुरक्षा या बाबतींत परिचारिकांना निदान इतर कामगारांइतकं तरी मिळावं. निदान! हे कागदावर लिहून घ्यावं लागलं, यावरून तुमच्या आधीच्यांनी किती चोख काम केलं होतं याचा अंदाज येईल. दिलासा असा, की संघटनेच्या 187 सदस्य देशांपैकी पाव देशांनीही हा करार मंजूर केलेला नाही. आणि शिफारस तर बंधनकारकच नसते. हे वाक्य फ्रेम करून केबिनमध्ये लावा.

आता तासांचं बघू. शिफारशीनुसार आठवडा हळूहळू 40 तासांवर आणायचा, तोही पगार न कापता. ओव्हरटाइम धरून दिवस 12 तासांच्या वर जाऊ द्यायचा नाही. दोन ड्युट्यांच्या मध्ये सलग 12 तास विश्रांती. आठवड्याची सुट्टी सलग 48 तासांची, काही झालं तरी 36 च्या खाली नाही. वेळापत्रक आधी पुरेसे दिवस हातात द्यायचं. तुम्ही ते आदल्या रात्री लावा. ज्याला उद्याचं ठाऊक नसतं, त्याला परवाची रजा मागायला सुचत नाही.

चार्ज देण्या-घेण्याचा अर्धा तास कामात धरू नका. कुणाचं सलाइन कधी संपणार, कुणाची लघवी किती झाली, कुणाला सकाळी ऑपरेशनला न्यायचंय म्हणून उपाशी ठेवायचंय, हे ती पुढच्या पाळीला सांगते ते जिव्हाळ्यापोटी. जिव्हाळ्याला ओव्हरटाइम लावणं बरं दिसत नाही. आणि पुढची पाळी आलीच नाही तर? पर्यायी माणूस शोधण्याच्या फंदात पडू नका. तिला फक्त विचारा, ‘पेशंटना असं टाकून जाणार का, सिस्टर?’ ती जाणार नाही. जाऊच शकत नाही. एका प्रश्नात अख्खी पाळी भरून निघते. खरं सांगायचं तर तुमच्या रुग्णालयाची निम्मी भरती तिच्या सदसद्विवेकबुद्धीवरच झालेली आहे, आणि ती जागा रिकामी पडत नाही.

रात्रपाळीबद्दल मात्र जपून बोला. शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळी माणसात बहुधा कर्करोगाला कारणीभूत ठरते, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली केलं. हे नाइटवाल्यांच्या कानावर घालू नका. त्यांची झोप उडेल. तशी ती तुम्ही उडवलेलीच आहे म्हणा.

पगाराचं एक साधं सूत्र आहे. चुकीचं इंजेक्शन गेलं, की ती प्रशिक्षित, जबाबदार व्यावसायिक. महिनाअखेरीला ती मदतनीस. या दोन व्यक्तींची एकमेकींशी गाठ पडू देऊ नका.

तेही परवडत नसेल तर नर्सिंग कॉलेज काढा. विद्यार्थिनींचं वॉर्डातलं काम त्यांच्या शिक्षणाच्या गरजेपुरतं असावं, रोजची कमतरता भरायला त्यांना जुंपू नये, असं शिफारस बजावते. पण फी भरून कामाला येणारा माणूस दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो? बेडशीट बदलण्याचा अनुभव तीन वर्षं मिळतो, हेही काही कमी शिक्षण नाही.

इतकं करूनही काही जणी राजीनामा देतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार जगात 59 लाख परिचारिका कमी होत्या, आणि होत्या त्यांतली दर आठांपैकी एक, जिथे जन्मली किंवा शिकली त्या देशाबाहेर काम करत होती. अशा वेळी ‘आजकालच्या मुलींत सेवाभावच उरला नाही’ असं म्हणायचं आणि लगेच जाहिरात द्यायची. जाहिरातीत ‘घरच्यासारखं वातावरण’ हे शब्द हवेतच.

निरोप समारंभ करा. भाषण तुम्हीच करा, म्हणजे तिला करावं लागणार नाही. शेवटी गणवेश परत मागायला विसरू नका. गणवेश मालकाने फुकट द्यावा, असं ती शिफारस सांगते. तुम्ही त्याचे पैसे पहिल्याच पगारातून कापले होते. तिला ते आठवलं, तर मोठ्या मनाने म्हणा, ‘राहू दे सिस्टर, आमची आठवण म्हणून ठेवा.’